वारलू पेंटर, वेबसाइटवाले

आमच्या शेजारचे वारलूभाऊ वेबसाइट अंगणात वाळत घालतात.

थट्टा नाही करत मी. त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबापासून घराच्या वळचणीपर्यंत जाड दोर बांधलेले आहेत. त्यावर सहा फूट रुंद, चार फूट उंच कापडं टांगलेली असतात, एकामागे एक. समोरच्या कापडावर सरसात कालवलेल्या रंगांनी वेबसाइटचं पहिलं पान रंगवलेलं असतं. वर दुकानाचं नाव, मधोमध मालकाचा हसरा चेहरा, उजवीकडे हिरव्या चौकटीत 'संपर्क करा'. ज्याची वेबसाइट असेल त्याला वारलूभाऊ समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवतात, हातात बांबूची छडी देतात आणि म्हणतात, "दाबा."

गिऱ्हाईक छडीनं 'संपर्क करा'वर टोचतं. वारलूभाऊ कापडामागे दोरी धरून उभेच असतात. ते दोरी ओढतात, पहिलं कापड गुंडाळत वर जातं आणि मागून पत्ता आणि फोन नंबर रंगवलेलं दुसरं कापड दिसतं. कधीकधी ते दोरी मुद्दाम अर्ध्यावरच धरून ठेवतात. गिऱ्हाईक चुळबुळतं. "काय झालं जी?"

कापडामागून उत्तर येतं, "नेट गेलं. बसा आता. पब्लिकले असंच बसा लागते."

मी हे सगळं मधल्या बुटक्या भिंतीवरून बघत असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. सिंदेवाहीच्या अर्ध्या गावाला मी पाढे शिकवले, म्हणून अर्धं गाव मला 'बाई' म्हणतं आणि उरलेलं अर्धं त्यांचं ऐकून म्हणतं. माझा स्वभाव तापट आहे असंही लोक म्हणतात. त्यावरून दोघातिघांशी माझं भांडणही झालेलं आहे.

वारलूभाऊ मूळचे पडदे रंगवणारे. आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत, धान निघालं की नाटकं सुरू होतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात आणि आख्खं गाव नाटकाला बसतं. त्या नाटकांना मागे पडदा लागतो. राजवाडा, जंगल, गरिबाची झोपडी, भर बाजारातला रस्ता, हे चार पडदे वारलूभाऊंनी तीस वर्षं रंगवले. त्यांचा राजवाडा तर नावाजलेला होता. एका नटानं भावनेच्या भरात त्या राजवाड्याच्या खांबाला टेकायला पाठ मागे नेली आणि पडद्यासकट मागच्या मागे गेला. ही गोष्ट वारलूभाऊ आजही प्रमाणपत्र दाखवल्यासारखी सांगतात.

मग मशीनवर छापलेले फ्लेक्स आले. दोन हंगामांत पडदे बंद झाले. राजवाडे आणि जंगलं घडी होऊन घरी परतली. आता वेबसाइटी रंगवतात त्या याच पडद्यांच्या पाठीवर. सकाळचं ऊन मागून आलं की राइस मिलच्या 'आमच्याविषयी'मधून राजवाड्याचे खांब दिसायला लागतात. राइस मिलचा मालक ते बघून इतका खूश झाला की म्हणाला, "मिल राहू द्या, पण हे खांब पाहिजेत."

तुम्ही म्हणाल, अहो, कंप्यूटरवरच का नाही दाखवत? मीही विचारलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "कंप्यूटरवर दाखवलं का गिऱ्हाईक कंप्यूटर पाहाते, काम पाहात नाई. पडदा वर जाऊ द्या, मंग बोला."

'पडदा वर जाऊ द्या, मंग बोला' हे त्यांचं पालुपद. भाजी महाग झाली काय किंवा सरकार बदललं काय, त्यांचं मत हेच.

आणि खोटं कशाला बोलू, या माणसाचा हा खुळचटपणा भल्याभल्यांना पुरून उरतो. घुग्घुसहून एक ट्रान्सपोर्टवाले आले होते. त्यांना वेबसाइटवर आपले सगळे ट्रक पळताना दिसायला हवे होते, हॉर्नसकट. एखाद्यानं त्यांना समजावत बसून घसा कोरडा केला असता. वारलूभाऊ फक्त 'हाव जी' म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्याचे सहा ट्रक कापले, दोरीत ओवले आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं, "आता तुमी गिऱ्हाईक हा. फोन नंबर वाचा." ते वाचायला लागले की वारलूभाऊ दोरी ओढायचे आणि ट्रक नेमका नंबरावरून जायचा. हॉर्न तोंडानं. नंबराचे चार आकडे झाले की ट्रक, परत चार झाले की ट्रक. सहाव्या ट्रकला मालक छडी टाकून उठले. "हटवा जी ते ट्रक. एक ठेवा, अन् तो उभा ठेवा."

चिमूरच्या कापड दुकानदाराची तऱ्हा वेगळी. त्याचा रोज फोन. "भाऊ, जरासाक बदल होता." आज निळा रंग, उद्या पिवळा, परवा आजोबांचा फोटो, तेरवा तोच फोटो काढून टाका. सगळेच वेबसाइटवाले या 'जराशाक'पुढे हात टेकतात म्हणे. वारलूभाऊंनी नियम केला, बदल हवा असेल त्यानं यावं आणि पडद्यावर स्वतः ब्रश मारावा. दुकानदार आला. पांढऱ्या सफारीवर आला. आजोबांच्या मिशीपाशी पोचेस्तोवर सफारी निळी झाली होती. त्यानंतर त्याला वेबसाइट फार आवडली.

मजकूर लिहायचं काम माझं. त्यावरून आमच्यात रोज वाजतं. मी एखादं चांगलं, घसघशीत वाक्य लिहून द्यावं आणि या माणसानं ते मधोमध कापावं. "बाई, लांब झालं. पब्लिक उठून जाईन." मी कागद फेकून घरात जाते. अर्ध्या तासानं भिंतीवर चहाचा कप ठेवलेला असतो. अनुसया गेल्यापासून चहा तेच करतात, आणि फार गोड करतात.

अनुसया म्हणजे त्यांची बायको, माझी जिवाची मैत्रीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता मयुरीचं सांगते. मयुरी ही त्यांची एकुलती एक पोर, माझ्याच हाताखाली शिकलेली, पुण्यात एका कंपनीत वेबसाइटीच करते. आई होती तेव्हा पोरगी फोन करायची तो आईला. दोघी तासभर बोलायच्या. वारलूभाऊ मागून ओरडायचे, "विचार, जेवली का." अनुसया विचारायची आणि मागे वळून सांगायची, "जेवली म्हणते." बाप-लेकीचं बोलणं झालं.

अनुसया गेली आणि फोन वारलूभाऊंच्या हातात आला. काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी भिंतीशी उभी असायची म्हणून मला माहीत आहे.

"जेवली का?"

"हो. तुम्ही?"

"हाव. बाकी?"

"बाकी ठीक."

"बरं."

झाला फोन. एवढ्या वेळात भाताला उकळीसुद्धा येत नाही. मग ते फोन हातात धरून ओट्यावर बसून राहायचे. तेव्हा पडदेही बंद झालेले होते. माणूस नुसता वाळत चालला होता.

अशात मयुरी दिवाळीला आली आणि आपला जुना लॅपटॉप घरी विसरून गेली. विसरली की ठेवून गेली हे मला ठाऊक नाही. वारलूभाऊंनी तो उघडला, काहीतरी दाबलं, सगळा स्क्रीन लाल झाला. त्यांनी घाबरून पोरीला फोन लावला. त्या दिवशी बाप-लेक पन्नास मिनिटं बोलले. लाल का झालं, हिरवं कसं करायचं, चौकट कुठून आणायची. आणि चौकटीवरून बोलताबोलता मयुरी मध्येच म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज असा का येतोय? खोकला झालाय का?"

बस्स. तेव्हापासून वारलूभाऊ वेबसाइटवाले झाले. दुपारी दीड वाजता मयुरीची डबा खायची सुट्टी होते, तेव्हा त्यांचा फोन. ओट्यावर खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन. अडलं असेल ते विचारायचं. आणि यांचं रोज काही ना काही अडलेलंच असायचं. मला आधी कीव यायची. म्हटलं, साठीला आलेला माणूस, किती डोकं चालवणार. एवढ्या वेबसाइटी केल्या तरी याचं अडणं काही संपत नाही.

गेल्या पावसाळ्यात मयुरीच्या कामाचा ताण वाढला. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आता रोज नाही जमणार हो. तुमच्या फोनमध्ये एक यंत्र टाकून देते. काहीही अडलं की त्याला टाइप करून विचारा, माझ्यापेक्षा चांगलं सांगेल."

वारलूभाऊ "हाव" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "बाई, पोरीनं बदली माणूस देल्ला."

रोजचा फोन दोन दिवसाआड झाला. मग आठवड्याला. दीड वाजता ते ओट्यावर बसायचेच. त्या दिवसांत चहा आला नाही, आणि मी लिहिलेली लांब वाक्यंसुद्धा त्यांनी मुकाट्यानं ठेवली. मला त्या वाक्यांचा काडीइतका आनंद झाला नाही. हा माणूस पुन्हा वाळायला लागला होता, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

आणि नेमकं त्याच वेळी वडशाच्या एका नाटक मंडळीचं काम आलं. ज्या मंडळीला त्यांनी राजवाडा रंगवून दिला होता तीच. गावांना आता घरबसल्या नाटक बुक करायचं होतं. वारलूभाऊंनी जीव ओतला. कापडावर सात कलावंतांचे सात चेहरे रंगवले, एका ओळीत, सारख्या मापाचे. झाडीपट्टीत ही गोष्ट साधी नाही. कोणाचा फोटो कोणापेक्षा बोटभर मोठा झाला तर मंडळी फुटते. मॅनेजर येऊन छडी टोचून गेला, मान डोलावून गेला. वेबसाइट सुरू झाली. सुरू होताना वारलूभाऊ देवघरातली घंटी तीनदा वाजवतात, तीही वाजली.

आणि घोडं पेंड खायला लागलं ते इथेच. कापड होतं सहा फूट आडवं. फोन असतो वीतभर उभा. कापडावर एका ओळीत उभे असलेले सात जण फोनवर एकाखाली एक झाले. सगळ्यात वर नायिका, मग नायक, मग विनोदी नट, असं करत करत हार्मोनियमवाला, आणि सगळ्यात तळाशी खलनायक.

हा खलनायक म्हणजे पंचवीस वर्षं झाडीपट्टीला थरथर कापायला लावणारा माणूस. प्रत्यक्षात मात्र गरीब गाय. तो स्वतः वारलूभाऊंकडे आला, गडचिरोलीपलीकडून, दोन बस बदलून. अंगणात चपला काढल्या आणि उभा राहिला.

"भाऊ, माह्यी सून रोज फोन पाहाते," तो म्हणाला. "मले म्हणते, मामाजी, तुमी पेटीवाल्याच्या खाली कसे काय? आता म्या तिले काय सांगू? म्या तं स्टेजवर नायकाले लाथेनं उडवतो."

वारलूभाऊंनी त्याला पाणी दिलं. खलनायक पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, "फोटो वर नाई आला तं यंदा तोंडाले रंग लावत नाई म्या. माफी असू द्या."

आली का पंचाईत. त्याला वर घ्यावं तर नायिका खाली जाते, ती तर हार्मोनियमवाल्याची बायको, ती रुसली की पेटीही बंद. रविवारपासून बुकिंग सुरू होणार होतं. मॅनेजरचे दिवसातून चार फोन. मंडळी फुटली तर हंगाम गेला, आणि दोष वारलू पेंटरच्या वेबसाइटचा.

वारलूभाऊंनी माझ्याकडून माझ्या सासऱ्यांचं जुनं धोतर मागून नेलं. लांबीत दुमडून त्यावर सात चेहरे एकाखाली एक रंगवले आणि ते माझ्या गच्चीवरून खाली सोडलं. खाली खिडकीची रिकामी चौकट बांधली. हा झाला फोन. मला गच्चीवर उभं करून धोतर ओढायला लावलं आणि स्वतः चौकटीसमोर बसले. मी धोतर वर ओढत होते आणि चौकटीतून एकेक चेहरा सरकत होता. खलनायक यायला इतका वेळ लागला की माझे हात भरून आले.

"बाप्पा," खालून आवाज आला, "गडी खरंच तळाशी आहे."

पुढचे दोन दिवस माणूस धोतराकडे बघत बसला होता. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी भिंतीवरून माझा फोन मागितला. खऱ्या वेबसाइटच्या आधी ते एक चोरटी प्रत करतात, तिला ते 'रंगीत तालीम' म्हणतात. ती फक्त त्यांच्या आणि माझ्या फोनवर उघडते. ती त्यांनी उघडून दिली. सगळ्यात वर खलनायक. "बंद करा, परत उघडा," ते म्हणाले. उघडली तर नायिका वर. परत उघडली, विनोदी नट. दर वेळेला ज्याची पाळी तो वर येत होता. सात वेळा उघडली की सातही जण एकदा वर येऊन जायचे.

"वारलूभाऊ," मी म्हटलं, "शाबास." मी मुलांना सहसा शाबास म्हणत नसे.

ते लाजले. मी आपली कुकर लावायला आत गेले.

दीड वाजता कपडे वाळत घालायला बाहेर आले तर ते ओट्यावर, कानाला फोन, पलीकडे मयुरी. "नाई वो माय," ते म्हणत होते, "काईच समजून नाई राह्यलं. तुह्यं ते मशीन काई कामाचं नाई. त्याले खलनायकाचं दुःख समजत नाई. मोठं बिकट अडलं आहे."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

त्यांचा फोन झाल्यावर मी भिंतीशी गेले. "वारलूभाऊ, मी बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आहेत. सकाळी काय दाखवलंत मला? ते तर सुटलं होतं."

ते ब्रश धूत बसले. स्वच्छ झालेला ब्रश परत धुतला.

"बाई," शेवटी म्हणाले, "सुटलं म्हणलं का पोरगी म्हणते, बरं बाबा, ठेवते मंग."

मी टॉवेल भिंतीवर टाकला.

"अडलं म्हणलं का बसते ते," ते म्हणाले. "मंग मधातच विचारते, गोळी घेतली का. डब्यात काय होतं ते सांगते. आज मेथी होती म्हणे, तिनंच केली होती. आईसारखी नाई जमली म्हणे." ब्रश त्यांनी झटकला. "सुटलं तं काय बोलू मी तिच्यासोबत? मले दुसरं येते काय?"

म्हणजे इतके दिवस मी ज्याची कीव करत होते तो माणूस सकाळी अडचण सोडवत होता आणि दुपारी तीच अडचण घेऊन पोरीपुढे बसत होता. मला राग आला. कोणाचा आला ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मग सरळ सांगा ना तिला, आठवण येते म्हणून."

"तसं कसं सांगू बाई," ते म्हणाले. "ते कामात राहाते."

पण त्या दिवशी त्यांचं अडणं जरा जास्तच रंगलं होतं. संध्याकाळी मयुरीचा निरोप आला. हे प्रकरण फोनवर सुटणारं दिसत नाही, मंडळीचा हंगाम बुडेल, मी शनिवारी येते, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत जाते. वारलूभाऊंचा चेहरा आधी फुलला, मग पांढरा पडला.

"बाई, ते येऊन राह्यली," ते म्हणाले, "अन् इथी तं काईच अडलेलं नाई."

पुढचं सांगायला मला लाज वाटली पाहिजे, पण वाटत नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेली ती पाळी काढून टाकली. रंगीत तालमीतला खलनायक परत तळाशी गेला. मी चष्मा लावून खात्री करून घेतली. आयुष्यभर मुलांना गणित बरोबर करायला लावलेली बाई मी, त्या दिवशी एक बरोबर आलेलं गणित चुकीचं करून घेतलं. वारलूभाऊ म्हणाले, "मॅनेजरले सांगतलं, रविवारी सकाळपर्यंत होते. पोरगी करन."

शनिवारी मयुरी आली. वाळली होती. पुण्यात राहून 'मला' म्हणते, पण चौथ्या वाक्याला 'मले'वर येते. आल्याआल्या तिनं आईच्या फोटोपुढे दिवा लावला आणि लॅपटॉप घेऊन बसली. "दाखवा बाबा, कुठे अडलंय."

वारलूभाऊंनी दाखवलं आणि चहा करतो म्हणून आत पळाले. मी तिच्या मागे उभी होते. मला बसवत नव्हतं.

मयुरीनं जरा इकडे-तिकडे पाहिलं आणि एका कोपऱ्यात दाबलं. एक लांबलचक यादी उघडली. नुसत्या तारखा आणि वेळा. म्हटलं, हे काय गं? ती म्हणाली, "बाई, बाबांच्या सगळ्या वेबसाइटींवर कोणी कधी काय बदललं ते यात जमा होत असतं. त्या वेळी पान कसं होतं तेही दिसतं. बाबांना माहीत नाही हे."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

तिनं शुक्रवारच्या ओळीवर दाबलं. पाळी गेलेली. त्याच्या खाली मंगळवार, सकाळचे अकरा. तिथे दाबलं. खलनायक वर आला.

मयुरी थांबली. मग हळूहळू खाली जायला लागली, एकेक ओळ दाबत. "हे फोन नंबरचं," ती पुटपुटली. "हे मी दोन दिवस समजावलं होतं." त्या ओळीवर वेळ होती सकाळचे दहा. आणखी खाली. "हे चिमूरच्या दुकानाचं. तेव्हा मी डबा सोडून बसले होते." सकाळचे साडेनऊ. ती खाली जात राहिली, पावसाळा, उन्हाळा, मागची दिवाळी. प्रत्येक अडचण त्याच दिवशी सकाळी सुटलेली होती. दीड वाजायच्या आत.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अडलं ना वो? मी म्हणलंच होतं. मोठं बिकट आहे ते."

मयुरीनं ओढणीनं तोंड पुसलं. माझ्याकडे वळून पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं की मला माहीत आहे. माझे डोळे भरून वाहत होते.

मग ती परत मंगळवारच्या ओळीवर गेली. दोनदा काहीतरी दाबलं आणि लॅपटॉप मिटला. मी माझ्या फोनवर मंडळीची खरी वेबसाइट उघडली. सगळ्यात वर खलनायक, मिशीला पीळ देऊन उभा. मी फोन गुपचूप पिशवीत टाकला.

वारलूभाऊ तीन कप घेऊन बाहेर आले. मिटलेला लॅपटॉप पाहून दारातच थबकले.

"काऊन? सुटलं का?" त्यांनी विचारलं. इतक्या भीत भीत कोणी विचारत नाही.

"नाही बाबा," मयुरी म्हणाली. "लय अवघड आहे. मॅनेजरचं रविवारचं निभून जाईल, पण बाकीचं सगळं खोलून पाहावं लागेल. इथी बसूनच. चार दिवस तरी लागतील."

वारलूभाऊंनी कप खाली ठेवले. एक ठेवताना चहा सांडला, तो त्यांनी पंच्यानं पुसला. बराच वेळ पुसला.

"चार दिवसांत नाई होत वो माय," ते म्हणाले. "पाच तरी पकड."

"पाच," मयुरी म्हणाली, आणि तिनं ऑफिसात फोन लावला. "हो सर, पाच दिवस. नाही, तब्येत ठीक आहे. बाबांचं काम अडलंय."